शेवटचे दोनशे मीटर

मी एक जुना ड्रोन आहे, मित्रांनो. मला चार हात आहेत, प्रत्येक हाताला एक पाते, नाकाखाली कॅमेरा आणि डाव्या पायाला काळी चिकटपट्टी. ती पट्टी बघून कोणी हळहळू नये. मीच झाडाच्या अंगावर गेलो होतो, झाड बिचारे आपल्या जागेवर उभे होते.

माझा जन्म पांढऱ्या दिव्यांच्या एका लांबलचक कारखान्यात झाला. एका बाईने माझ्या पोटात तारा बसवल्या, दुसरीने पाती घट्ट केली आणि एका चष्मेवाल्याने मला कमरेइतका उंच उडवून पाहिले. मग मला खोक्यात घातले. आयुष्यातले सगळे उडणे त्या अर्ध्या मिनिटात संपले की काय, या काळजीत मी तीन महिने अंधारात काढले. शेवटी एका फोटोग्राफर बाईंनी मला विकत घेतले.

बाईंचा स्टुडिओ खाली आणि घर वरच्या मजल्यावर. घरात त्या आणि त्यांची भाची. भाचीची आई, म्हणजे बाईंची थोरली बहीण, जहाजावर नर्स आहे. वर्षातले आठ महिने ती समुद्रावर असते, म्हणून भाची लहानपणापासून मावशीकडेच वाढली. घरात दिवसभर 'मावशी, मावशी' ऐकून मीसुद्धा बाईंना मनात मावशीच म्हणू लागलो.

पहिली चार वर्षे माझी चैन होती. मावशी लग्नाचे फोटो काढायच्या आणि मी वरून घिरट्या घालायचो. लोक माना वर करून हात हलवायचे. मला वाटायचे, ही सगळी मंडळी मलाच भेटायला जमली आहेत.

माझ्या अंगात एक खास गुण आहे. माझ्या रिमोटच्या पडद्यावर बोटाने कोणाभोवती चौकोन काढला की मी त्याच्यावर नजर ठेवतो आणि तो जाईल तिकडे आपला आपण जातो. भाचीने या गुणाला 'शेपूट' असे नाव दिले होते. मला हे नाव आवडले नव्हते, पण माझे मत विचारतो कोण?

पुढे एक नवा ड्रोन आला. माझ्याहून लहान, माझ्याहून हलका आणि दिसायला गोरागोमटा. मी कपाटाच्या वरच्या फळीवर गेलो. माझ्या दोन बॅटऱ्या पूर्ण भरून माझ्याजवळ ठेवल्या आणि सगळे त्यांना विसरून गेले. दीड वर्षाने पाहिले तर त्यातली एक फुगून टम्म झाली होती. दुसरी कशीबशी तग धरून होती. मुद्दाम कोणी माझे वाईट केले नव्हते, पण मला वाईट वाटायचे ते वाटलेच.

माझे नशीब पालटले ते एका केकमुळे. नवा ड्रोन एका समारंभात नको तितका खाली आला आणि तीन मजली केकच्या दुसऱ्या मजल्यावर जाऊन बसला. त्याची रवानगी दुरुस्तीला झाली. मी हसलो नाही असे सांगितले तर ते खोटे होईल.

त्याच आठवड्यात भाचीला ड्रोनची गरज पडली. ती तेव्हा सतरा वर्षांची होती आणि गावाबाहेरच्या तलावावर रोइंग करायची. लांब, अरुंद होडीत एकटीने बसून दोन वल्ही मारायची. मोठ्या प्रशिक्षण केंद्रात तिला प्रवेश हवा होता, पण निवड चाचणीच्या दिवशी तिला नेमक्या कांजिण्या झाल्या. केंद्राने तिला आणि चाचणी हुकलेल्या इतरांना एक संधी दिली. हजार मीटरचा व्हिडिओ पाठवायचा, बाजूने घेतलेला, एकसलग, कुठेही न कापता. होडी आणि दोन्ही वल्ही पूर्ण वेळ दिसली पाहिजेत. मुदत शनिवारी दुपारी बारापर्यंत. नाही जमले तर पुढच्या वर्षी. आणि पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती.

मावशींनी मला खाली काढले, मऊ फडक्याने कॅमेरा पुसला आणि म्हणाल्या, "म्हाताऱ्या, लाज राख रे बाबा."

म्हातारा! मी जेमतेम सहा वर्षांचा होतो. पण आवाज ऐकून मला भरून आले.

गुरुवारी सकाळी आम्ही तलावावर गेलो. तिथे मास्तर होते. मास्तर म्हणजे भाचीचे प्रशिक्षक. तोंडाने तिखट, मनाने मऊ. त्यांनी तलावाच्या कचेरीतून माझ्या उडण्याची परवानगी आधीच काढून ठेवली होती. त्यांचा एक नियम होता. तलावावर उतरणाऱ्या प्रत्येकाने नारिंगी टोपी घालायची, म्हणजे लांबून दिसते. वीस वर्षांत तो नियम कोणी मोडला नव्हता. ते स्वतः मोटरबोटीतून, भोंगा तोंडाला लावून, होडीच्या बाजूने जायचे.

आता मावशींची चूक ऐका. लग्नाचे फोटो काढून काढून त्यांच्या हाताला चेहऱ्याची सवय लागली होती. त्यांनी पडद्यावर भाचीच्या चेहऱ्याभोवती चौकोन काढला. आता रोइंगच्या होडीतली बैठक सरकती असते. वल्हवणारा माणूस प्रत्येक फटक्याला पुढे-मागे सरकतो. मी इमानाने तिच्या चेहऱ्यामागे पुढे-मागे होत राहिलो. तो व्हिडिओ पाहताना मास्तरांना गरगरायला लागले. वल्ही तर निम्मा वेळ चित्राबाहेर.

बॅटरी एकच आणि भरायला सव्वा तास लागणारी. दुसरी खेप दुपारी झाली. या वेळी मावशींनी होडीऐवजी ठळक दिसणाऱ्या नारिंगी टोपीवर चौकोन काढला. तीनशे मीटर सगळे सुरळीत चालले. मग मास्तरांची मोटरबोट आमच्या मधून गेली. क्षणभर भाची दिसेनाशी झाली आणि समोर नारिंगी टोपी आली. मी ती धरली. पुढची सहा मिनिटे मी मास्तरांचे सुंदर, स्थिर, एकसलग चित्रण केले. ते भोंग्यातून ओरडत होते, "अरे, माझ्या मागे काय लागलायस? तिकडे जा, तिकडे!" मला भोंग्याचा हुकूम पाळता येत नाही, मित्रांनो. मला फक्त चौकोन कळतो.

रात्री भाची अर्ध्या जेवणावरून उठली. मावशींनी माझी माहितीपुस्तिका पहिल्यांदाच उघडली. सहा वर्षांत पहिल्यांदा!

शुक्रवारी त्यांनी पुष्कळ सुधारणा केली. चौकोन काढला तो अख्ख्या होडीभोवती, दोन्ही वल्ह्यांसकट, आणि तोही होडी स्थिर उभी असताना. मी नीट पकड घेतल्यावरच भाचीने सावकाश सुरुवात केली आणि मग वेग वाढवला. मास्तर किनाऱ्यावर थांबले. एवढेच नाही, त्यांनी आपली टोपी काढून खिशात घातली. त्यांचे टक्कल मी त्या दिवशी प्रथम पाहिले. त्यांनी भाचीलाही म्हटले, "काढ गं तू पण. नियम तुझ्यासाठी आहे, तू नियमासाठी नाहीस."

मला पाण्यापासून दोन मजले उंच ठेवले. पाण्याच्या फार जवळ गेलो की लाटांच्या चकाकीने मला उंचीचा अंदाज येत नाही, आणि फार वर गेलो तर होडी काडीएवढी दिसते. एवढे करूनही एक गोष्ट राहिली. वेळ संध्याकाळची आणि सूर्य माझ्या समोर. पाणी असे चमकत होते की पहिल्या चारशे मीटरमध्ये होडीचा नुसता काळा ठिपका दिसत होता. पुढचे सहाशे मीटर मात्र अप्रतिम आले. भाचीचा एकही फटका चुकला नव्हता. मास्तर हळहळले, "पोरीनं आज सोनं केलं होतं हो."

राहिली शनिवारची सकाळ. सूर्य माझ्या पाठीशी येईल अशी बाजू मावशींनी निवडली. बाजूने उडताना मी ज्या दिशेला जातो तिकडे मला डोळे नसतात, माझे डोळे फक्त पुढे आणि मागे. म्हणून मास्तर भल्या पहाटे माझी सगळी वाट चालून आले आणि पाण्यावर झुकलेल्या एका फांदीची बातमी घेऊन आले. माझी वाट त्या फांदीपासून चांगली लांब ठेवली. मावशी सुरुवातीपाशी न थांबता शेवटच्या धक्क्यावर उभ्या राहिल्या. मला तिथूनच उडवले, म्हणजे काम संपल्यावर थकलेल्या बॅटरीने लांब यायला नको. एवढा विचार माझ्यासाठी कोणी कधी केला नव्हता.

पावणेदहाला आम्ही निघालो. वारा अजून पडलेला होता. वीस पावलांवरून मी होडीच्या जोडीने चाललो होतो. वल्ही एकदम पाण्यात जायची, एकदम बाहेर यायची. दोनशे मीटर, पाचशे, आठशे. मी पकडलेला चौकोन जरासुद्धा हलला नाही. मला इतके समाधान क्वचितच वाटले आहे.

आणि मग तिचे डावे वल्हे पाण्यात अडकले.

होडी एका अंगावर कलली आणि जवळजवळ थांबली. वल्ह्याचा दांडा भाचीच्या पोटात बसला. धक्क्यावर मावशींच्या तोंडून "अगं बाई!" निघाले. त्यांचे दोन्ही अंगठे मला हाकायच्या, रिमोटवरच्या दोन दांड्यांवर गेले. मित्रांनो, मी एखाद्याच्या मागे असताना कोणी दांडी ढकलली की माझी पकड बिघडते. मी होडीच्या पुढे निघून गेलो असतो आणि सगळे संपले असते. पण त्यांनी दांडी दाबली नाही. पडद्यावरची नजर मात्र त्यांनी काढली नाही. होडी मंदावली तसा मीही मंदावलो आणि तिच्या शेजारी जवळजवळ तरंगत राहिलो.

भाचीने दांडा दाबून वल्हे सोडवले. होडी सावरली. तीन आखूड फटके, मग एक लांब, मग पुन्हा तीच लय. शेवटच्या रेषेपर्यंत तिने वेग पुरा परत आणला. मी धक्क्यावर उतरलो तेव्हा माझ्या बॅटरीत थोडाच जीव राहिला होता.

भाची धक्क्यावर आली आणि ओल्या अंगाने खाली बसली. दहा वाजून गेले होते. झाडे हलू लागली होती. बॅटरी भरेपर्यंत वारा तलावावर पसरणार, हे तिला आमच्या सगळ्यांपेक्षा चांगले ठाऊक होते.

स्टुडिओत आल्यावर मावशींनी दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी लावले. शुक्रवारचे शेवटचे दोनशे मीटर निर्दोष होते. शनिवारचे पहिले आठशेही.

"दोन्ही दिवशी पिवळाच शर्ट होता तुझा," मावशी हळूच म्हणाल्या. "उजेड मी जुळवते. जोड असा देईन की कोणाच्या बापाला कळणार नाही."

मावशींना ते खरोखर जमले असते. लोकांच्या लग्नातले रुसवे-फुगवे त्यांनी आजवर असेच कापून टाकले होते.

मास्तर दाराशी उभे होते. भाचीने पुन्हा एकदा शनिवारचा व्हिडिओ पाहिला, वल्हे अडकले तिथे थांबवला आणि म्हणाली, "नको, मावशी. हे असंच पाठव."

"अगं, पण तुझं वर्ष जाईल. नुसतं वर्षच नाही, सगळंच जाईल."

"जाऊ दे. तिथे जाऊन मला पाण्यात उतरायचंच आहे ना? मग काय लपवायचं?"

मावशींनी डोळे पुसले आणि पावणेबाराला व्हिडिओ पाठवला. न कापता.

उत्तर यायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत भाची दाराची घंटा वाजली की उगाचच जिना उतरायची, जणू उत्तर चालत येणार होते. शेवटी ते आले फोनवरच. मावशींनी ते मोठ्याने वाचले. मोजकीच वाक्ये होती ती: निवड झाली आहे. आलेल्या सगळ्या व्हिडिओंत वल्हे अडकलेले दिसले ते फक्त तुमच्यात. अडकल्यावर खेळाडू काय करते, हे आम्हाला पाहायचे असते, आणि तेच कोणी पाठवत नाही.

मास्तरांनी ही बातमी ऐकली आणि पेढेबिढे काही न मागता सरळ तलावावर जाऊन बारक्या पोरांना दुप्पट पिटाळले. त्यांचा आनंद असाच असतो.

भाची आता केंद्रात आहे. नवा ड्रोन दुरुस्त होऊन आला आहे आणि त्याला अधूनमधून मुंग्या लागतात. मी मात्र कपाटात परत गेलो नाही. दर रविवारी मास्तर मला तलावावर बोलावतात आणि लहान मुलांच्या होड्यांशेजारी उडवतात. मग ती मुले मावशींच्या पडद्याभोवती गर्दी करतात आणि एकमेकांच्या चुका पाहून खिदळतात. मी समाधानी आहे.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरात माझ्यासारखा कोणी असेल तर त्याची बॅटरी अर्धी भरून ठेवा, त्याचा कॅमेरा पुसा, उडवण्याआधी त्याची वाट पाहून या आणि त्याची पुस्तिका सहा वर्षे वाट न बघता वाचा. आणि तुमचे जवळचे माणूस भर पाण्यात अडखळले, तर मावशींसारखे करा. हात आवरा, पण त्याच्यावरची नजर काढू नका.