मास्तरांच्या वाफा

मास्तर लोकांना गाडी चालवायला शिकवायचे, म्हणून मास्तर. त्यामुळे त्यांची बायको आपोआप मास्तरीण झाली, स्टिअरिंगला जन्मात हात न लावता. ती पावाच्या कारखान्यात भट्टीवर कामाला होती. दोघं निवृत्त झाली, जरा निवांत बसू म्हणाली, तर मास्तरांना प्रोस्टेटची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, एक इंजेक्शन अधूनमधून घ्यायचं, अंगातलं पुरुषी हार्मोन बंद पडेल आणि गाठ उपाशी मरेल. त्याबरोबर आणखी काय बंद पडेल आणि काय सुरू होईल, हे त्यांनी घाईत सांगितलं. मास्तरांनी घाईतच मान डोलावली.

अंगातून पहिली गरम वाफ आली ती जेवताना. मास्तरांनी हातातला घास ताटात टाकला, बनियन काढून भिरकावला आणि "अगं, मी पेटलो!" म्हणून ओरडले. मास्तरीण उठली. ओला टॉवेल पिळून तिनं त्यांच्या मानेवर ठेवला, मग मनगटांच्या आतल्या बाजूला.

"आधी क्षणभर भीती वाटली ना?" तिनं विचारलं. "उगाचच, काहीतरी वाईट होणार अशी? आणि मग छातीखालून वर चढलं, थेट कानांपर्यंत?"

मास्तर थक्क झाले. "अगदी असंच! तुला कसं कळलं?"

ती टॉवेल धरून वाट बघत राहिली. आता आठवेल, मग आठवेल.

"डॉक्टर बोलले असतील तुझ्याशी," मास्तर म्हणाले आणि उरलेलं जेवले.

पाळी जायच्या वयात तिच्या स्वतःच्या वाफा सुरू झाल्या तेव्हा ती दिवसभर भट्टीपुढे उभी असायची. तिथे घाम सगळ्यांनाच यायचा, मग हिच्या घामाचं कौतुक कोण करणार? घरी खिडकी उघडली की मास्तरांच्या मानेला वारा लागायचा, म्हणून खिडकी बंद. मग ती स्वयंपाकघरात गार फरशीवर जाऊन पडायची आणि करायला दुसरं काही नसल्यामुळे स्वतःच्या अंगाकडे लक्ष द्यायची. हे कुठून निघतं, कुठे पोचतं, कुठे ओलं फडकं ठेवलं की उतरतं. शिकवायला कुणी नव्हतं. खोटं कशाला बोला, तिला त्याची मजाही वाटली होती. इतकी वर्षं आपण या अंगात राहतो आणि आपल्याला इथलं काहीच माहीत नाही, असं तिला वाटलं. एकदा हे सगळं ती उत्साहानं सांगायला गेली, तर मास्तर म्हणाले, "असल्या गोष्टी चारचौघांत बोलायच्या नसतात." चारचौघं कुठले? घरात ही दोघंच होती. मित्रांना मात्र ते खुशाल सांगायचे, आमच्याकडे फुकटात हीटर बसवून मिळालाय म्हणून. ती चहाचे कप ठेवता ठेवता ऐकायची.

आता तिला एकच गोष्ट हवी होती. माफी-बिफी नको होती. 'तुलाही असंच झालं होतं ना गं?' एवढं एकदा त्यांच्या तोंडून यावं.

मास्तर मात्र दिवसेंदिवस खुलत गेले. छाती हुळहुळी झाली, तेव्हा ते आरशापुढे उभे राहून दाबून बघू लागले. "हात लावून बघ, किती मऊ! गंमतच आहे बघ शरीराची." जाहिराती बघताना त्यांचे डोळे भरून यायचे, तेही ते चहाच्या दुकानात सांगून यायचे. लोक म्हणायचे, मास्तर, मानलं तुम्हाला, किती मोकळेपणानं घेता! घरातल्या खिडक्या सताड उघड्या असायच्या आणि मास्तरीण स्वेटर घालून झोपायची. नवरा कुढत बसला नाही याचं तिला बरं वाटायचं, आणि त्याच वेळी तळपायाची आग मस्तकात जायची.

इस्पितळात दर महिन्याला रुग्णांची सभा भरायची. तिथल्या नर्सनं मास्तरांना बोलायला बोलावलं, आणि मास्तर असे रंगले की विचारू नका.

"गरम होण्याआधी क्षणभर भीती वाटते," ते म्हणाले. "हे मी स्वतः निरीक्षण करून शोधून काढलंय. लगेच ओला टॉवेल घ्यायचा आणि मनगटांच्या आतल्या बाजूला ठेवायचा."

बाप्ये माना डोलावत होते. पहिल्या रांगेत मास्तरीण ताठ बसून होती. गुरू कोण आणि शिष्य कोण, हे तिथे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

मागून एक तरुण बाई उठली. तिचा नवरा शेजारी मान खाली घालून बसला होता. "काकू, तुम्हाला विचारायचंय," ती म्हणाली. "बायकांना तर हे होतंच. तुम्हाला झालं तेव्हा तुम्ही काय केलंत?"

विचारणारं कुणीतरी निघालं होतं. मास्तरीण उठून उभी राहिली. पण माईक मास्तरांच्या हातात होता.

"हिला?" मास्तर प्रेमानं हसले. "छे हो! ही नशीबवान. हिचं कधी सुरू झालं, कधी संपलं, मला पत्तासुद्धा लागला नाही."

"खरं आहे," मास्तरीण म्हणाली. "ह्यांना पत्ता लागला नाही."

सभागृह खो खो हसलं. टाळ्या पडल्या. सगळ्यांत मोठ्यानं मास्तर हसले.

"काय टोला हाणलास!" जिन्यात ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात तूही बोल थोडं. लोकांना आवडतं."

"पुढच्या महिन्यात तुम्ही एकटे या."

"का गं? माझं काही चुकलं का?" मास्तर पायरीवरच थांबले. हल्ली भरायचे तसे त्यांचे डोळे भरून आले.

तिनं त्या डोळ्यांत नीट पाहिलं. लबाडी सापडली असती तर तिनं तिथंच भांडण काढलं असतं, आणि भांडणातून काहीतरी बाहेर आलं असतं. पण लबाडी नव्हती. तिच्या त्या वर्षांमधलं त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. ती वर्षं आता तिच्या एकटीची होती आणि साक्षीला कुणीच नव्हतं.

"काही नाही," ती म्हणाली. "कठडा धरून उतरा."