एंटरवरचा बत्ता

इंडोनेशियातल्या सुराबायाच्या ऑफिसात मी रुजू झाले, तेव्हा पाक सुवोंदोंच्या, म्हणजे सुवोंदोसाहेबांच्या, कीबोर्डाला सुक्या कोळंबीचा वास मारत होता. बेटाबेटांवरच्या आमच्या चौसष्ट सर्व्हरांची साफसफाई ते इथे बसून एका स्क्रिप्टने करायचे. ती दळभद्री स्क्रिप्ट प्रत्येक बारीकसारीक कामाला सर्व्हरशी नव्याने कनेक्शन जोडायची आणि दर वेळी "पुढे जाऊ का?" विचारून एंटरची वाट पाहत बसायची. म्हणून पाकांनी कँटीनमधला सांबल, म्हणजे सुक्या कोळंबीची तिखट चटणी, वाटायचा दगडी बत्ता एंटरवर ठेवून दिला होता. तोही न धुता. स्वतः तीन तास खाली सिगारेटी फुंकत बसायचे.

मला शिसारी आली. मी स्क्रिप्ट नव्याने लिहिली. एका सर्व्हरला एकच कनेक्शन, आणि सगळ्यांवर एकदम काम. तीन तासांचं काम अकरा मिनिटांवर आलं. प्रत्येक सर्व्हरमागे प्रश्न एकच ठेवला: इथले सगळे बॅकअप कायमचे पुसायचे का? पाकांच्या हाताला सवय म्हणून होकाराला एंटरच राहू दिलं.

सोमवारी जेवून आले, तर पाक दारातच भेटले.

"पोरी, झकास पळते गं तुझी स्क्रिप्ट. फक्त मधेच काहीतरी विचारत अडून बसते. मी सोय केलीय."

"काय विचारत होती?"

"ते वाचतंय कोण."

मी आत धावले. चौसष्टच्या चौसष्ट होकार गेले होते. मी बत्ता उचलला, पण एंटर काही वर आलं नाही. सांबलने चिकटून ते तसंच दाबलेलं राहिलं होतं.