एक माणूस खाली आहे

खाण बंद झाली त्याला बावीस दिवस झाले, तरी हजेरीच्या फळ्यावर एक खिळा रिकामाच. उतरताना ज्याने त्याने आपला पितळी बिल्ला बरोबर न्यायचा, वर आलं की खिळ्याला अडकवायचा, ही तिथली जुनी रीत. मामांनी शेवटच्या पाळीत आपला बिल्ला खालच्या पाण्यात पाडला आणि घरी येऊन निवांत जेवले. कागदोपत्री ते अजून खालीच.

कोळसा आता कोणाला नको होता. भट्ट्या काय, इंजिनं काय, सगळं तेलावर गेलेलं. तेलाच्या डेपोत मामांना काम मिळत होतं, पण तिथल्या साहेबाने बजावलं होतं, खाणीतून बाहेर पडल्याची चिठ्ठी सोमवारपर्यंत आणा, नाहीतर दुसरा माणूस घेऊ. मामा तीनदा जाऊन हात हलवत परत आले. चौथ्यांदा मामी निघाल्या. नवऱ्याला दंडाला धरून त्यांनी बिल्लेबाबूच्या खिडकीपुढे उभं केलं.

बाबूने मामांना पाहिलं, मग खिळा पाहिला. चेहरा ओळखीचा आहे, पण चेहऱ्याची नोंद ठेवायची पद्धत नाही, म्हणाला.

"बरं, खाली तर खाली," मामी म्हणाल्या. "जिवंत माणूस आत ठेवून खाणीचं तोंड बुजवायला निघालात ना? काढा त्याला वर."

बचाव पथकाने वर आणलेल्याला बिल्ला विचारत नाहीत, एवढं मामींना सासऱ्यांच्या वेळेपासून ठाऊक होतं.

बाबूने घाईघाईने निरोप धाडला. दुपारी बचाव पथक आलं, तिघांचं. आतल्या वाटा त्यांना माहीत नव्हत्या, म्हणून वाटाड्या म्हणून मामांनाच घेतलं. मामा निमूट उतरले आणि दोन तास स्वतःला हाका मारत फिरले. वर मामी विणत बसल्या. धीर द्यायला येईल त्याच्या हातात लोकरीचा गुंडा देत होत्या.

चौघे उतरले, चौघेच वर आले. बाबूने दोनदा मोजलं आणि मान हलवली. अडकलेला काही सापडला नाही.

"मग हा कोण?" मामींनी मामांकडे बोट केलं.

"वाटाड्या."

"नीट बघा. डोळे भेदरलेले, अंगभर काजळी, दोन तास कोणी पाणी विचारलेलं नाही. हाच अडकलेला. वाटाड्या राहिला खाली."

पथकाला घरी जायचं होतं, त्यांनी माना डोलावल्या. बाबूने चिठ्ठीवर 'एक सुखरूप बाहेर' असं लिहून शिक्का मारला आणि वहीत वाटाड्याला खाली दाखवलं.

रस्त्यात मामांचा पाय पुढे पडेना. "अगं, पण त्या वाटाड्याला आता वर कोण आणणार?"

"त्याची बायको बघून घेईल," मामी म्हणाल्या, आणि चिठ्ठी काळी होऊ नये म्हणून ती स्वतःच्या हातात घेऊन डेपोच्या रस्त्याला लागल्या.