फॉरगेटमधला फॉर

मित्रांनो, मी इंग्रजीतला एक म्हातारा उपसर्ग आहे. 'फॉरगेट', 'फॉरगिव्ह', 'फॉरबिड' या शब्दांच्या तोंडाशी बसलेला 'फॉर' म्हणजे मीच. 'साठी' म्हणणारा फॉर वेगळा, त्याच्याशी मला जोडू नका. हजार वर्षांपूर्वी तिकडचे शेतकरी, लोहार, धनगर मला रोज वापरायचे. 'गेट' म्हणजे पकडणं. मी पुढे बसलो की पकड सुटायची, ते झालं विसरणं. 'गिव्ह' म्हणजे देणं. मी बसलो की माणूस मनातला राग पार देऊन टाकायचा, ती झाली क्षमा. मग फ्रान्सकडून नवे राजे आले. त्यांच्यामागून 'रि' आणि 'डिस' हे नवे उपसर्ग आले, दरबारात त्यांचीच चलती. माझ्यापासून नवा शब्द घडवणं लोकांनी हळूहळू बंदच केलं.

तेही मी सोसलं. पण परवा अमरावतीत झालं ते सोसणार नाही.

तिथल्या एका क्लासमध्ये शिक्षक निवडायची रीत आहे. उमेदवारानं एक तास शिकवायचं, मग पोरांनी चिठ्ठीवर पसंतीचं नाव लिहायचं. आदल्या दिवशी विपुलसर पाठांतराच्या ट्रिका सांगून गेले होते. परवा दर्यापूरहून बस धरून पौर्णिमाताई आल्या. दोन वर्षं घरी बसलेल्या, ही नोकरी त्यांना हवीच होती. त्यांनी मला फळ्यावर लिहून माझी सारी कहाणी सांगितली. पोरं पुढे सरकून ऐकत होती.

मागे बसलेले क्लासचे मालक मनोजसर म्हणाले, "मॅडम, हे पेपरात येते काय?"

"नाही सर."

"मंग काहून सांगून राहिल्या? ट्रिक सांगा ना एखादी!"

पुढच्या बाकावरची दामिनी फस्सकन हसली. "सर, विपुलसरायची ट्रिक तं आमी घरी जाईस्तोर विसरलो!"

चाळीस चिठ्ठ्यांपैकी छत्तीस पौर्णिमाताईंच्या निघाल्या. मनोजसरांनी त्या चुरगाळून टोपलीत टाकल्या. "पोरायले काय समजते! विपुलच येईन उद्यापासून." आणि डस्टर घेऊन मला पुसलं.

त्या माणसावर माझा राग आहेच. पण मित्रांनो, त्याहून मोठा त्या वर्गात बसलेल्या तुम्हा पोरांवर आहे. लेकरं म्हणून सोडणार नाही. तुम्ही लिहिलेली चिठ्ठी तुमच्या डोळ्यांदेखत टोपलीत गेली, आणि ती तोंडाळ दामिनीसुद्धा वहीत मान घालून बसली. मला जपा असं मी म्हणत नाही, मी म्हाताराच आहे. जी बाई जीव तोडून समजावते, तिला जपा. "काहून टाकल्या चिठ्ठ्या?" एवढंच विचारायचं होतं. छत्तीस जण होते तुम्ही. पौर्णिमाताई दारात वाकून चपलांचे पट्टे लावत होत्या, तेवढा वेळ होता.