सोलर सायकल

"सायकल कोठे शे मास्तर? बठ्ठं गाव बशेल शे!"

तोताराम मंडपातून ओरडला आणि खुर्च्याखुर्च्यांतून हशा पिकला. माईकपाशी माझा धाकटा भाऊ नवल घसा खाकरत उभा होता.

घोळ चुडामणशेठचा; हे व्याख्यान त्यानेच ठेवलेलं. दोंडाईच्यात औषधांचं दुकान, तेही पिकांच्या औषधांचं, म्हणून हा स्वतःला शेतीतज्ज्ञ समजतो. नवलने त्याला फोनवर विषय सांगितला, सोलर सायकल, म्हणजे सूर्यावरचे डाग वाढण्या-कमी होण्याचं अकरा वर्षांचं चक्र. शेठच्या डोक्यात सायकलच शिरली. फ्लेक्सवर पॅनल लावलेली लालभडक सायकल छापून मोकळा झाला. मग सायकलीवरच्या अनुदानाच्या वासाने तापीकाठचे सगळे केळीवाले हजर. फुकटची सुई वाटली असती तरी हे इतक्याच गर्दीने आले असते.

नवलने धुळ्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवण्यात आणि सूर्यावरच्या डागांचा ध्रुवावरच्या वाऱ्याशी संबंध शोधण्यात हयात घालवली. तिथले प्राध्यापक म्हणायचे, "सर, ध्रुवावरच्या वाऱ्याने आपला महागाई भत्ता वाढतो का?" त्यांची स्वतःची विद्वत्ता स्टाफरूमच्या चहाबरोबर संपायची. आमच्या आबांच्या दुर्बिणीतून शाळकरी नवलने गच्चीवर पांढऱ्या धोतरावर सूर्याचं बिंब पाडलं होतं. "अक्का, डाग पाह्य, डाग!" मी म्हटलं, साबण लाव. तेव्हा तो हसला होता. पुढे आयुष्यभर लोक हसले आणि तो गप्प राहायला शिकला. आपल्या गावाने एकदा ऐकावं, एवढी एकच हौस उरली होती.

चुडामणने ती बरोबर हेरली. भाषणाआधी चहाच्या वेळी माझ्यासमोरच म्हणाला, "सर, एकच वाक्य बोला. यंदा डाग जास्त, म्हणून चरका पडणार. दरसाल तुम्हालाच बोलावतो." थंडीने केळीची पानं पिवळी पडून करपतात, तो चरका. त्यावरच्या औषधाच्या बाटल्या व्यासपीठावर देवासारख्या मांडल्या होत्या. मला भीती वाटली, नवल ते वाक्य म्हणेल. म्हातारपणी माणूस टाळ्यांना भुलतो.

आता माईकपाशी तो बोलू लागला. "डाग वाढले की सूर्याचे अतिनील किरण वाढतात. विमानं उडतात त्याच्याही वर ओझोन आहे. तो विषुववृत्ताकडे जास्त तापतो. ध्रुवावर तेव्हा लांबलचक रात्र, तिथे गारठाच. दोन्हींतला फरक वाढला, की त्या उंचीवर ध्रुवाभोवती फिरणारा हिवाळी वारा जोर धरतो. दर वेळी नाही. कधी कधी."

"कधी कधीवर अनुदान शे का?" तोताराम. पुन्हा हशा. आपण फार मोठा विनोद केला, अशा थाटात तो मागे वळून बघत होता.

पुढच्या रांगेतली भिकुबाई उठली. तिची केळी नदीकाठी, थंडीच्या माऱ्यात. "नवलभाऊ, चरका पडी का नही? तू सांग, मंग मी फवारसू."

मंडप गप्प झाला. एवढी शांतता नवलला जन्मात मिळाली नव्हती. चुडामणने एक बाटली अलगद पुढे सरकवली.

नवलने तिच्याकडे पाहिलं. "भिकुबाई, माले माहीत नही." मग सगळ्यांना उद्देशून, "ध्रुवावरच्या वाऱ्यापासून आपल्या केळीपर्यंतचा रस्ता अजून कुणाला..."

चुडामणने माईक काढून घेतला. "सरांचे आभार! आता आपला लकी ड्रॉ!"

खुर्च्या करकरल्या, माणसं पुढे घुसली. ज्यांना चंद्र-सूर्याचं काही पडलेलं नव्हतं, ती प्लास्टिकच्या बादलीसाठी एकमेकांच्या पायांवर पाय देत होती. नवल मात्र खाली उतरला नाही. वर्गात शेवटच्या बाकाकडे बघून बोलायची त्याची सवय; तसंच बघत, माईकशिवाय, मोकळ्या आवाजात त्याने वाक्य पुरं केलं. "...नीट सापडलेला नाही. शोधणं चालू आहे."

मग गर्दीला नमस्कार करून तो पायऱ्या उतरला. भिकुबाईने पदर सावरला आणि त्याला जायला वाट दिली. बाकी कुणी सरकलं नाही.