दसऱ्याचा लाल रंग

मी एक जुना, मधोमध तुटलेला कमानपाटा आहे, गाडीखालची वाकवलेली लोखंडी पट्टी. मित्रांनो, गाडीत बसताना तुम्ही गादी मऊ आहे का ते दाबून पाहता. खाली वाकून आमची विचारपूस कोण करतो? चाकाचा धक्का आधी आम्ही खातो, उरलासुरला तुमच्यापर्यंत येतो.

भट्टीत तापून, वाकून मी घडलो आणि जळगाव जामोदच्या भागवतभाऊंच्या टेम्पोत, पुढच्या चाकावर बसलो. कधी तूर, कधी कापूस भरून मलकापूरला जायचं. रस्त्याची नुसती चाळण! तरी भागवतभाऊ सगळ्यांना सांगायचे, "माह्या पाट्याले तोड नाही." ते ऐकून मी फुलून जायचो. स्तुती कोणाला नको असते?

त्यांची मुलगी प्रेरणा शेगावला इंजिनिअरिंग शिकत होती. उन्हाळ्याच्या सुटीत तिनं माझ्याशेजारी धक्के मोजणारी एक डबी चिकटवली. पुढचा धक्का केव्हा नि केवढा बसेल, हे कुणालाच सांगता येत नाही. पण बसलेले सगळे लहानमोठे धक्के मोजले, की लोखंडाचं आयुष्य किती उरलं याचा अंदाज बांधता येतो. तो तिनं बांधला.

"बाबा, दसऱ्याच्या पुढं याचा भरवसा नाही. बदलून टाका."

भागवतभाऊ हसले. "पोरी, लोखंड काय माणूस हाये थकाले?"

"थकते, बाबा. बारक्या बारक्या धक्क्यायनं थकते. वरून दिसत नाही."

तिची आई शालूबाई म्हणाली, "पोरगी सांगून राह्यली, त आयका न जरा!"

"बदलतो, बदलतो," म्हणता म्हणता पावसाळा निघून गेला.

पोरीचं खरं होतं. माझ्या अंगात केसाएवढी चीर पडली होती. मला ती जाणवत होती, पण आम्हाला तोंड कुठे असतं?

दसऱ्याला प्रेरणा घरी आली. गाडी धुतली. दरवर्षीप्रमाणे तिनंच आम्हा पाट्यांना लाल रंग दिला. वाकून वाकून पाहिलं, पण चीर काही तिला दिसली नाही. झेंडूचा हार झाला, कुंकू लागलं, नारळ फुटला. मग तिनं विचारलं, "उद्या बदलता न, बाबा?"

भागवतभाऊंनी जीभ चावली. "आज पुजलं अन् उद्या काढून फेकू? पुजल्या लोखंडाले असं करू नाही. दिवाळी होऊ दे."

"बरं," म्हणून तिनं रंगाचा डबा झाकून ठेवला. रंगामुळे मी नवाकोरा दिसत होतो.

दिवाळीआधीच कापसाची खेप निघाली. गाडी सावकाश चालली होती. वाटेत एक लहानसा खड्डा आला. तसले मी रोज सोसत होतो, त्या दिवशी मात्र सोसवला नाही. मी तुटलो, चाक वाकडं झालं, टेम्पो बाभळीवर आदळला. भागवतभाऊ गेले. ज्यांना सांभाळायचं, त्यांनाच मी सांभाळू शकलो नाही. मला रडता येत नाही, मित्रांनो, पण फार वाईट वाटतं.

आता मी प्रेरणाच्या कॉलेजात एका टेबलावर असतो. तिनं मला पहिल्यांदा हातात घेतलं, तेव्हा तुटलेली कड उजेडात धरली. अर्धी कड खरबरीत होती, एका झटक्यात तुटलेली. अर्धी गुळगुळीत होती, हळूहळू चिरत गेलेली. त्या गुळगुळीत भागात आतपर्यंत लाल रंग झिरपला होता. म्हणजे दसऱ्याला चीर होतीच, आणि ती तिच्याच ब्रशखाली झाकली गेली होती.

रंगावरून बोट फिरवत ती एवढंच म्हणाली, "बाबा, हट्ट काऊन नाही धरला मी?"

मित्रांनो, तुमचा भार वाहणाऱ्याची पूजा जरूर करा. पण तो थकला, असं कुणी मोजून सांगितलं, तर त्याला वेळेवर खाली उतरवा. पुजलेल्या गणपतीलाही तुम्ही हात जोडून निरोप देताच ना? मला तेवढाच हवा होता.