हनुवटीवरची माझी नोकरी सुटली

हा आवाज माझा, औषधांच्या डब्यातल्या चिमट्याचा. स्टीलचा आहे, बोटाएवढा, टोकं तिरपी. दुकानदारानं मला भुवयांसाठी म्हणून विकलं, पण माझं सगळं आयुष्य हनुवटीवर गेलं. आज मात्र मी इतका खुशीत आहे की डब्यात एका जागी पडून राहवत नाही. माझी नोकरी सुटली आहे.

मला विकत घेतलं ते आईनं. ती शाळेत गणित शिकवायची. न्हाणीघराला कडी लावून, नळ सोडून ती मला हातात घ्यायची. लेक कॉलेजात जायला लागली आणि तिच्याही हनुवटीवर तसेच राठ केस उगवले. आईनं एक शब्द न बोलता मला तिच्या उशीजवळ ठेवलं आणि स्वतःसाठी दुसरा चिमटा आणला. या विषयावर मायलेकींचं वर्षानुवर्षं एवढंच काय ते बोलणं.

पुढे लेक लोकांना गाडी शिकवायला लागली. शिकणारा स्टिअरिंगवर, ही शेजारच्या सीटवर, पायाशी जादा ब्रेक. गाडीतला उजेड मोठा दुष्ट असतो. घरच्या आरशात न दिसलेला केस तिथं लख्ख दिसतो. दोन शिकवण्यांच्या मध्ये ती समोरची झडप खाली करून आरशात बघायची आणि मी कामाला लागायचो. एरवी तिचा हात सतत हनुवटीवर. एकदा त्या हातानं वळण दाखवायचं राहून गेलं. शिकाऊ बाईंनी गाडी थेट भिंतीच्या दिशेनं घातली. लेकीनं ब्रेक दाबला म्हणून निभावलं.

त्या दिवशी घरी येऊन ती आईला म्हणाली, "हे केस आता कायमचे काढायचेत मला."

आईनं गॅस बंद केला. मग चपला शोधायला लागली. "चल, मी येते."

पर्समधून मीही निघालो. पहिलं ठिकाण लेझरचं, चकचकीत. काउंटरवरची मुलगी म्हणाली, सगळं साफ होईल. लेकीनं विचारलं, काळ्यांमध्ये काही पांढरे आहेत, त्यांचं काय? मुलगी आत जाऊन विचारून आली. लेझर केसाचा रंग पकडतो, त्यामुळे पांढरे सुटतात, असं निघालं. दुसरीकडे इलेक्ट्रोलिसिस होतं, म्हणजे केसाच्या मुळापर्यंत बारीक सुई घालायची आणि विजेनं ते मूळच मारायचं. यात रंगाचा प्रश्न नव्हता. पण तिथल्या बाईंनी उघड्या ताटलीतली सुई उचलली. लेकीनं नवी मागितली, तर म्हणाल्या, आमच्याकडे अजून कुणी तक्रार केलेली नाही. आई उठलीच. "आम्ही पहिल्या," म्हणाली, आणि मला पर्ससकट दाराबाहेर नेलं.

तिसरी भेटली सुईताई. हे नाव लेकीनं नंतर ठेवलं. तिनं आधी भिंग लावून हनुवटी पाहिली. पाळी नियमित आहे का, घरात आणखी कुणाला असे केस आहेत का, ते विचारलं. डॉक्टरकडून हार्मोन तपासून घ्यायलाही सांगितलं. तिनं महिन्याभराचं आश्वासन दिलं नाही. वर्ष तरी लागेल, कदाचित जास्त, म्हणाली. एका पद्धतीत उष्णतेनं झटपट काम होतं, दुसरीत मंद प्रवाहानं सावकाश. सतत उपटून तुमची मुळं वाकडी झालीत, म्हणून दोन्हींची मिश्र पद्धत घेऊ. पण आधी थोड्या केसांवर करून बघू, त्वचेला सोसतं का. तोवर उपटणं बंद, लागलं तर कात्रीनं कापा.

म्हणजे मी घरी बसणार होतो, आणि लेकीला वाढलेल्या केसांनिशी शिकवायला जायचं होतं. पहिल्या सकाळी ती गाडीत बसली तेव्हा स्टिअरिंगवरच्या माणसाइतकीच घाबरलेली होती. पण त्या माणसाचं लक्ष क्लचवरून हललंच नाही.

चाचणीच्या दिवशी सुईताईनं बंद पाकीट लेकीसमोर फोडलं. सुई आत गेली, लेकीचा डोळा किंचित मिटला, आणि सुईताईच्या चिमट्यानं केस उचलला. ओढावा लागला नाही हो! अलगद निघून आला. इतकी वर्षं मी हिसके दिले, आणि हा असा निघतो? हेवा वाटायला हवा होता. मला पर्समध्ये नाचावंसं वाटलं.

आई कोपऱ्यातल्या खुर्चीवर होती. तिनं गळ्याशी गुंडाळलेला स्कार्फ सोडला.

"सगळे पांढरे झाले असले तरी चालतं ना हे?"

"चालतं," सुईताई म्हणाली.

"मग माझंही नाव घाला."

लेक आडव्या खुर्चीतून मान वळवून बघतच राहिली. मग दोघी अशा हसायला लागल्या की सुईताईला हातातली सुई बाजूला ठेवावी लागली.

आता मी बोटात घुसलेल्या कुसळापुरता उरलोय. लेकीची हनुवटी एखाद दिवस लाल होते, बारीक खपल्या धरतात, त्या ती खरवडत नाही. काम अजून बरंच बाकी आहे. तुमच्या पर्समध्ये माझा कुणी भाऊबंद असेल, तर एवढं करा: पाकीट समोर फोडायला लावा, आधी थोड्याच केसांवर करून बघा, आणि मनाला पटत नसेल तिथून खुशाल उठून या.

आज आईची पहिली वेळ. खाली लेक हॉर्न वाजवतेय. आईनं निघताना डबा उघडून मला हातात घेतलं, क्षणभर पाहिलं आणि परत ठेवलं. दार लागलं. साठी उलटलेली बाई, पण जिना शाळकरी पोरीसारखा धाडधाड उतरली.